खंड पडलेला खेळ आणि परतलेला प्रेक्षक

१२ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. चेन्नईच्या एग्मोर भागातल्या मेयर राधाकृष्णन मैदानावर आशियाई चॅम्पियन्स करंडकाची अंतिम लढत चालू होती. मध्यंतराला भारत मलेशियाविरुद्ध १-३ असा मागे होता. तिसऱ्या सत्राच्या अगदी शेवटी हरमनप्रीतसिंगने पेनल्टी स्ट्रोकवर एक गोल फेडला आणि त्याच मिनिटात गुरजंतसिंगने बरोबरी साधली. सामना संपायला चार मिनिटे उरली असताना आकाशदीपसिंगचा चेंडू जाळ्यात गेला. ४-३. निळ्या टर्फभोवतीच्या गर्दीत जो आवाज उठला तो केवळ एका करंडकासाठीचा नव्हता. याच मैदानावर याआधीची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती सप्टेंबर २००७ मध्ये. त्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला ७-२ असे हरवले होते. मध्ये सोळा वर्षे गेली.

त्या सोळा वर्षांत भारतीय हॉकीत काय काय झाले ते आठवले, तर ही गर्दी पुन्हा जमली कशी हाच प्रश्न पडतो. २००८ मध्ये सांतियागोच्या पात्रता स्पर्धेत हरून भारत बीजिंग ऑलिंपिकला मुकला. १९२८ पासून असे कधी झाले नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत राष्ट्रीय महासंघ निलंबित झाला. त्याच्या जागी हॉकी इंडिया ही नवी संस्था आली, पण जुनीही हटली नाही. २०१० मध्ये विश्वचषकाच्या तोंडावर खेळाडूंनी सराव बंद केला. २०१२ मध्ये एक व्यावसायिक लीग निघाली आणि तिच्यात खेळणाऱ्यांना देशाच्या संघाचे दार बंद झाले. ती लीगही एका हंगामानंतर मिटली. खेळाडूंचे पैसे, त्यांचा मान आणि त्यांच्यावरचा ताबा, या तीन गोष्टींभोवती हे सगळे फिरले.

कामावरून झालेल्या तंट्यानंतर व्यावसायिक खेळ परत येतो तेव्हा चाहता कशाचे स्वागत करतो, आणि ते स्वागत टिकते कशावर, याचा विचार या मैदानाला मध्ये ठेवून करायचा आहे.

संप, टाळेबंदी आणि तिसरा प्रकार

बोलताना आपण खेळ थांबला की सरसकट ‘संप’ म्हणतो. शास्त्रीय विवेचनाला हे चालणार नाही. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संप आणि टाळेबंदी यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या होत्या. कामगार हात आखडतो तो संप, मालक दाराला कुलूप लावतो ती टाळेबंदी. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, १९९२ चा दहा दिवसांचा संप सोडला तर त्यानंतरचे तिन्ही मोठे खंड टाळेबंदीचे होते. ते १९९४, २००४ आणि २०१२ मध्ये पडले. खेळाडू खेळायला तयार होते. मालकांना वेतनावर मर्यादा हवी होती, म्हणून दारे बंद झाली.

भारतात तिसरा प्रकार दिसतो, आणि त्याला कायद्यात नाव नाही. त्याला मी धन्यांचा तंटा म्हणतो. दोन संस्था ‘खेळ आमचा’ म्हणतात आणि खेळाडूला विचारतात, ‘तू कोणाचा?’ यात खेळाडूने काम नाकारलेले नसते आणि कुणी कुलूपही लावलेले नसते. तरी एका बाजूला उभे राहिले की दुसऱ्या बाजूचे काम आपोआप जाते. २०१२ चा प्रसंग याच जातीचा.

हा भेद महत्त्वाचा ठरतो तो प्रेक्षकाच्या रागामुळे. राग कुणावर काढायचा हे खंडाचा प्रकार ठरवतो, आणि परत यायचे की नाही याची पहिली पायरी तिथेच असते.

आकडे काय सांगतात

उत्तर अमेरिकेतला पुरावा विपुल आहे, म्हणून आधी तो पाहू. १६ फेब्रुवारी २००५ रोजी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. साखळीतले १,२३० सामने झालेच नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या व्यावसायिक लीगने कामाच्या तंट्यापायी अख्खा हंगाम गमावण्याची ही पहिलीच वेळ. लीगच्या स्टॅन्ले कप या करंडकावर दरवर्षी विजेत्या संघाची नावे कोरली जातात. त्या वर्षाच्या जागी ‘हंगाम खेळला गेला नाही’ एवढेच कोरलेले आहे.

५ ऑक्टोबर २००५ रोजी तीसही संघ एकाच दिवशी मैदानात उतरले, पंधरा सामने झाले. कितीतरी ठिकाणी बर्फावरच चाहत्यांचे आभार रंगवलेले होते. त्या हंगामात दोन कोटी आठ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. हा आकडा टाळेबंदीच्या आधीच्या हंगामापेक्षाही मोठा होता. २०१२ ची टाळेबंदी ११३ दिवस चालली. १९ जानेवारी २०१३ रोजी अठ्ठेचाळीस सामन्यांचा आखूड हंगाम सुरू झाला, आणि तेव्हाही प्रेक्षागारे भरली.

बेसबॉलची गोष्ट वेगळी झाली. १९९४ च्या संपाने वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची मालिकाच गिळली, आणि १९९५ मध्ये दर सामन्यामागची उपस्थिती सुमारे वीस टक्क्यांनी घटली. त्या वर्षी ६ सप्टेंबरला कॅल रिपकन सलग २,१३१ वा सामना खेळला आणि एक दिवसही सुट्टी न घेणाऱ्या त्या माणसासाठी बाल्टिमोरचे मैदान किती तरी मिनिटे उभे राहिले. बेसबॉलशी लोकांचा समेट व्हायला त्या रात्रीपासून सुरुवात झाली असे तिकडे मानतात. तरीही उपस्थिती सावरायला काही वर्षे गेलीच.

मार्टिन श्मिट आणि डेव्हिड बेरी या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये व्यावसायिक खेळांतले संप आणि टाळेबंद्या एकत्र तपासल्या. उपस्थितीवर कायमचा परिणाम होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. चाहता रागावतो, ‘पुन्हा पाय ठेवणार नाही’ म्हणतो, आणि येतो.

हा निष्कर्ष मी खरा मानतो. पण तो भारताला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे आणि ते चेन्नईत पूर्ण होत नाही.

ओळख पटणे

आपल्या दर्शनांमध्ये प्रत्यभिज्ञा नावाची कल्पना आहे. पूर्वी पाहिलेला माणूस काही काळाने पुन्हा समोर आला की आपण म्हणतो, ‘हा तोच देवदत्त.’ या ज्ञानात दोन गोष्टी एकत्र येतात. समोर दिसणारा हा, आणि आठवणीतला तो. दोघे एकच आहेत असे कळले की प्रत्यभिज्ञा झाली. नुसते पाहणे पुरत नाही आणि नुसते आठवणेही पुरत नाही.

चाहत्याच्या परत येण्याचे हेच मर्म आहे. टोरांटोचा माणूस २००५ च्या ऑक्टोबरात मैदानात गेला तेव्हा त्याला तेच नाव, तोच निळा गणवेश, तेच शहर आणि बहुतेक ओळखीचेच चेहरे दिसले. त्याचे हंगामी तिकीट कदाचित त्याच्या वडिलांच्या वेळेपासून घरात होते. नियम बदललेले होते. बरोबरी मिटवायला पेनल्टी शूटआउट आले होते, लांब पासांवरचे बंधन गेले होते. तरी ‘हा तोच’ म्हणायला अडचण नव्हती. श्मिट आणि बेरी यांच्या निष्कर्षातले गृहीत हेच. जे थांबले तेच पुन्हा सुरू झाले.

मराठी वाचकाला याची उलट बाजू मुंबईच्या गिरण्यांमुळे ठाऊक आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. परत जाण्याची इच्छा कित्येकांना होती, पण परत जायला गिरणीच उरली नाही. भोंगा बंद झाला, जागा विकल्या गेल्या, आणि ‘हा तोच’ म्हणायला समोर काही राहिले नाही. परतणे ही परतणाऱ्याच्या मनाची गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. पण निम्मी गोष्ट समोरच्या बाजूच्या टिकण्यावर असते.

खेळाडू नोकर कोणाचा

भारतीय हॉकीतले तंटे नीट समजायचे तर आधी एक रचना लक्षात घ्यावी लागते. इथला खेळाडू महासंघाचा पगारदार नसतो. तो रेल्वेत, बँकेत, पोलिसात, तेल कंपनीत नोकरीला असतो. चेन्नईत इंडियन बँक, इंडियन ओव्हरसीज बँक, पेरांबूरचा रेल्वेडब्यांचा कारखाना आणि दक्षिण रेल्वे यांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. महिन्याचा पगार तिथून येतो. देशासाठी खेळताना मिळतो तो भत्ता, मानधन आणि बक्षीस. म्हणून महासंघाशी भांडणारा खेळाडू पगारासाठी भांडत नसतो. देशाच्या कामाची किंमत किती, आणि ती कोण ठरवणार, यासाठी तो भांडतो. म्हणूनच त्याला ‘देशासाठी खेळतोस की पैशासाठी?’ असे विचारून गप्प करणे सोपे जाते.

या भांडणाचा एक जुना नायक पुण्याचा. धनराज पिल्ले खडकीत जन्मला, तमिळ आई-वडिलांच्या पोटी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी तो हॉकी शिकला. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी सुवर्ण मिळवले. त्यानंतर काही दिवसांतच धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळले गेले. अधिकृत कारण विश्रांतीचे होते. खेळाडूंनी भत्त्याचा प्रश्न काढला होता, हे त्या काळात सगळ्यांच्या तोंडी होते. सुवर्णपदक जिंकणाऱ्या कर्णधाराला विश्रांती देण्याचा प्रकार मला आजही अन्यायाचा वाटतो. धनराज परत आला, सिडनीला खेळला, अथेन्सलाही खेळला. लोकांनी त्याला प्रत्येक वेळी उचलून धरले. लोकांची ओळख त्याच्याशी होती, महासंघाशी नव्हती.

जानेवारी २०१० चा प्रसंगही पुण्याचाच. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात विश्वचषकाचे शिबिर चालू होते. स्पर्धा २८ फेब्रुवारीला दिल्लीत सुरू व्हायची होती. थकलेल्या पैशांसाठी बावीस खेळाडूंनी सराव थांबवला. राजपालसिंग कर्णधार होता. स्पॅनिश प्रशिक्षक होजे ब्रासा खेळाडूंच्या बाजूने बोलला. तिकडे भोपाळला सराव करणाऱ्या महिला खेळाडूंनी काळ्या फिती लावल्या. दुसरा संघ उभा करण्याची धमकी झाली. १३ जानेवारीला तडजोड झाली. बावीस जणांमध्ये मिळून सुमारे एक कोटी रुपये देण्याचे ठरले.

या संपाचे विश्लेषण करताना दोन्ही बाजूंच्या हातात काय होते ते पाहावे. महासंघाच्या हातात निवड होती. खेळाडूंच्या हातात फक्त वेळ होती. घरच्या विश्वचषकाला दीड महिना राहिला असताना नवा संघ उभा करणे अशक्य होते. आणि तिसरा पक्ष होता प्रेक्षक. तो खेळाडूंच्या मागे उभा राहिला. अमेरिकेत लक्षाधीश खेळाडू आणि अब्जाधीश मालक यांचे भांडण पाहून चाहता दोघांवरही रागावतो. इथे रक्कमच इतकी लहान होती की राग एकाच बाजूला गेला. पुढच्या वर्षी हे आणखी उघड झाले. एप्रिल २०११ मध्ये क्रिकेटचा विश्वचषक जिंकणाऱ्यांना मंडळाने प्रत्येकी दोन कोटी दिले. सप्टेंबरात चीनमधल्या ऑर्डोसला पहिला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकून आलेल्या हॉकीपटूंना प्रत्येकी पंचवीस हजार जाहीर झाले. त्यांनी ते नाकारले. मग केंद्रीय क्रीडा खात्याने दीड लाख जाहीर केले.

२०१० च्या फेब्रुवारीत टीव्हीवर एक जाहिरात सारखी लागत होती, ‘फिर दिल दो हॉकी को’. या वाक्यातले ‘फिर’ फार बोलके आहे. मन एकदा दिलेले होते, मध्ये ते परत घेतले गेले आणि आता पुन्हा मागितले जात होते. पहिल्या सामन्यात भारताने पाकिस्तानला ४-१ असे हरवले आणि ध्यानचंद राष्ट्रीय मैदानावर जे झाले ते पाहणाऱ्याला संपाची आठवणही राहिली नसेल. पुढे ऑस्ट्रेलिया, स्पेन आणि इंग्लंडने भारताला हरवले. भारत आठवा आला. परतलेल्या प्रेक्षकाने पहिल्या रात्री जे दिले ते निकालावर अवलंबून नव्हते. पण पुढे द्यायला त्याच्याकडे रोजचे काही नव्हते. विश्वचषक संपला आणि घरी जाऊन आठवड्याला पाहायला हॉकी कुठे होती?

चेन्नईची तीन नावे

आता चेन्नईकडे येऊ, कारण विवेचनाची कसोटी इथे आहे.

२००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तिच्यात चेन्नई वीरन्स होता, महाराष्ट्राचा मराठा वॉरियर्स होता आणि त्यात धनराज होता. पहिल्या हंगामाचे सामने हैदराबादच्या गचिबोवलीत झाले, म्हणजे चेन्नईचा संघ चेन्नईबाहेरच जन्मला. चार हंगाम झाले. २००८ मध्ये महासंघ निलंबित झाला आणि लीगही संपली.

२९ फेब्रुवारी २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकी सुरू झाली. जुन्या महासंघाने निंबस कंपनीबरोबर ती काढली होती. आठ शहरांचे आठ संघ, घरचे आणि बाहेरचे सामने, साडेसतरा मिनिटांची चार सत्रे. चेन्नईच्या संघाचे नाव या वेळी चेन्नई चीताज. एग्मोरच्या मैदानावर घरचे सामने झाले. त्रेचाळीस वर्षांचा धनराज कर्नाटक लायन्सकडून खेळला. पुण्याचा स्ट्रायकर्स अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि २ एप्रिलला मुंबईच्या महिंद्रा मैदानावर शेर-ए-पंजाबकडून हरला. या लीगला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती. तिच्यात खेळणाऱ्यांना हॉकी इंडियाने राष्ट्रीय संघापासून दूर ठेवले. त्याच उन्हाळ्यात भारत लंडन ऑलिंपिकमध्ये सहाच्या सहा सामने हरून बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. लीगमधल्या खेळाडूंचे मानधन थकल्याच्या तक्रारी आल्या, दुसरा हंगाम पुढे ढकलला गेला आणि कधी झालाच नाही.

२०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली. तिच्या पहिल्या पाच हंगामांत चेन्नईचा संघच नव्हता. २०१७ नंतर तीही थांबली. सात वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली तेव्हा तमिळनाडू ड्रॅगन्स नावाचा संघ होता. पण पहिल्या हंगामात ड्रॅगन्स ओडिशा-झारखंडकडे खेळले. घरच्या मैदानावर ते उतरले जानेवारी २०२६ मध्ये, लीगने चेन्नईला यजमानपद दिल्यावर.

वीरन्स, चीताज, ड्रॅगन्स. एकवीस वर्षांत तीन लीग, तीन नावे, तीन गणवेश. २००५ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज तिशीत आहे. वडिलांनी त्याला वीरन्सची टोपी आणून दिली असेल तर ती टोपी घालून तो ड्रॅगन्सच्या सामन्याला जाईल का? जाईल, पण त्या टोपीवरून शेजारी बसलेल्याला काही कळणार नाही. ‘हा तोच’ म्हणण्यातला ‘तो’ गेला आहे. नॅशनल हॉकी लीगच्या टाळेबंदीने एक हंगाम पुसला. आपल्या तंट्यांनी संघच पुसले. खेळ थांबण्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे असे मी मानतो, आणि ते उपस्थितीच्या आकड्यात दिसत नाही, कारण पहिल्या रात्री मैदान भरतेच.

एग्मोरपासून जेमतेम काही किलोमीटरांवर चेपॉकचे क्रिकेट मैदान आहे, आणि तिथे याची उलट बाजू सापडते. चेन्नई सुपर किंग्जवर दोन वर्षांची बंदी आली, २०१६ आणि २०१७. कारण कामगारांच्या तंट्याचे नव्हते, सट्टेबाजीचे होते, तरी ‘परतणे’ तपासायला उदाहरण चोख आहे. एप्रिल २०१८ मध्ये संघ परतला तो त्याच नावाने, त्याच पिवळ्या रंगात, त्याच धोनीसह. चेपॉकवर एकच सामना झाला आणि कावेरीच्या पाण्यावरून पेटलेल्या आंदोलनामुळे बाकीचे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजेला हलवले गेले. मग चेन्नईच्या चाहत्यांसाठी खास रेल्वेगाडी निघाली, व्हिसलपोडू एक्सप्रेस. सुमारे हजार माणसे एक रात्र प्रवास करून पुण्यात उतरली आणि २० एप्रिलला शेन वॉटसनचे शतक पाहून परत गेली. घरचे मैदान पायाखालून गेले, शहर बदलले, तरी ओळख तसूभर ढळली नाही. हॉकीत नेमके उलटे आहे. मैदान जागचे हलले नाही, आणि त्यावर उतरणाऱ्या संघाची ओळख दर वेळी नव्याने करून घ्यावी लागली.

मैदान धरून ठेवते ते

मग २०२३ ची गर्दी आली कुठून? त्या गर्दीने कुणाची ओळख धरली होती?

माझे उत्तर असे की तिने मैदानाची ओळख धरली होती. आणि ती मैदानाशी टिकली त्याचे कारण फ्रँचायझी लीगबाहेरचे आहे. मद्रास क्रिकेट क्लबची हॉकी स्पर्धा १९०१ पासूनची. आज ती मुरुगप्पा सुवर्णचषक म्हणून ओळखली जाते आणि एग्मोरला होते. रेल्वे, बँका, तेल कंपन्या, पंजाबचे आणि लष्कराचे संघ तिथे येतात. तिकडे गाजावाजा नसतो. पण महासंघ निलंबित असो की दोन महासंघ भांडत असोत, काठीचा आवाज तिथे येत राहिला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार वासुदेवन भास्करन याच शहराच्या मैदानांवर वाढलेला. भारताचे आठवे, आणि आजवरचे शेवटचे हॉकी सुवर्ण ते. इथल्या जुन्या प्रेक्षकाला भास्करनचे नाव सांगावे लागत नाही.

आणखी एक धागा रेल्वेचा आहे. मैदानाच्या जवळच एग्मोर स्थानकाची १९०८ ची लाल इमारत आहे. दक्षिणेकडच्या गाड्या तिथून सुटतात. नेल्लई एक्सप्रेस मदुराईवरून कोविलपट्टीला जाते. काडेपेट्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तमिळनाडूत हॉकीचे गाव म्हणून ओळखले जाते. भारतीय संघातून खेळलेला मारीश्वरन शक्तिवेल तिथला. अरियलूरचा कार्ती सेल्वमही तमिळनाडूतूनच आला, आणि २०२३ च्या त्या स्पर्धेत एग्मोरला त्याने गोल केला तेव्हा आपल्या माणसाला मिळणारी ती वेगळी आरोळी उठली. नाव पुसलेल्या संघाने जी जोड दिली नाही ती गावाच्या मुलाने दिली.

अभ्यासकाने तीन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात असे मला वाटते. खंडानंतरच्या पहिल्या सामन्याची उपस्थिती ही आसेची मोजणी आहे. ती बहुतेक वेळा भरपूर येते आणि फसवते. दुसऱ्या हंगामातली साध्या वाराची, घरचा संघ हरत असतानाची उपस्थिती ही सवयीची मोजणी. आणि तिसरी मोजणी खेळाडूंच्या बाजूची, मानधन ठरल्या तारखेला पोहोचले की नाही ही. २०१२ च्या लीगने पहिली मोजणी काही ठिकाणी चांगली दिली, दुसरीपर्यंत ती पोहोचलीच नाही, कारण तिसरीत ती नापास झाली. या तिन्हींत कारणाचा क्रम उलटा चालतो. खेळाडूचे पैसे थकतात, मग हंगाम होत नाही, मग नाव बदलते, आणि शेवटी प्रेक्षकाची ओळख तुटते. प्रेक्षकाला यातले शेवटचे तेवढे दिसते, म्हणून तो म्हणतो, ‘हॉकीत आता पूर्वीसारखे राहिले नाही.’ खेळ पूर्वीपेक्षा वेगवान आणि चांगला झालेला असतो. बदललेले असते ते नाव.

स्त्रियांच्या हॉकीबद्दल इथे ‘परतणे’ हा शब्दच वापरता येत नाही. २०१० मध्ये भोपाळला काळ्या फिती लावणाऱ्या मुलींना परत जायला लीग नव्हती. महिलांची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदा खेळली गेली जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्या पिढीतल्या बहुतेकजणींची कारकीर्द तोवर संपली होती. तंट्यातून जिंकलेली गोष्ट तंटा करणारीच्या वाट्याला आलीच नाही. हा हिशेब या विषयावरच्या कुठल्याही आकडेवारीत मला मांडलेला दिसत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये ज्युनिअर विश्वचषक चेन्नई आणि मदुराईत झाला. १० डिसेंबरला एग्मोरला कांस्यपदकाच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ असे मागे असलेल्या भारतीय मुलांनी शेवटच्या सत्रात चार गोल करून ४-२ अशी बाजी मारली. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच त्याच टर्फवर ड्रॅगन्स आले. म्हणजे पाच-सहा आठवड्यांत त्या मैदानाने देशाचा गणवेश पाहिला आणि शहराचाही.  आता ड्रॅगन्स हे नाव पुढच्या हंगामात, त्याच्या पुढच्या हंगामात, तेच राहते की नाही ते पाहायचे. वीरन्सची टोपी जपून ठेवलेला तो माणूस मुलाला घेऊन एग्मोरला उतरला असेल, तर मुलाच्या डोक्यावरची टोपी किती वर्षे ओळखली जाईल, हे मैदानावर ठरणार नाही. ते खेळाडूंच्या बँक खात्यात दर महिन्याला काय जमा होते त्यावर ठरेल.